कन्नमवार नगर, तिसरा मजला, लिफ्ट नाही: घरची बॅटरी किती मोठी घ्यायची? (प्रकल्प नोंदी)

घर विक्रोळी पूर्वेला, म्हाडाच्या जुन्या इमारतीत. हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर आणि बंद करून घेतलेली बाल्कनी. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-तास) ट्यूब्युलर, म्हणजे शिसं-ॲसिडची बॅटरी आधीपासून होती. पंखे आणि ट्यूबलाइटला ती पुरून उरायची. मग डॉक्टरांनी बाबांना रात्री झोपताना मिनिटाला दोन लिटरने ऑक्सिजन सांगितला आणि घरात पाच लिटरपर्यंत देणारा कॉन्सन्ट्रेटर आला, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं विजेवरचं यंत्र. आता वीज गेली की नुसता उकाडा होत नाही, यंत्रही थांबतं.

नोंदी २०२५ च्या आहेत. सोलर यात नाही. गच्ची सोसायटीची, इमारत पुनर्विकासाच्या रांगेत, तेव्हा त्या फंदात पडलोच नाही.

६ एप्रिल, रविवार

जुन्या बॅटरीवर कॉन्सन्ट्रेटर किती वेळ चालतो ते पाहिलं. दुपारी, बाबा जागे असताना आणि नळी त्यांच्या नाकाला नसताना मेन स्विच पाडला. चालू होतं ते फक्त कॉन्सन्ट्रेटर, एक पंखा, राउटर आणि बारीकसारीक.

पहिल्या मिनिटालाच गोम कळली. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, म्हणजे त्याची वीज मेनसारखी गुळगुळीत लहरीची नाही, चौकोनी झटक्यांची. पंख्यातून येणाऱ्या हूं-हूं आवाजाची आम्हाला सवय झालेली, पण कॉन्सन्ट्रेटरचा कॉम्प्रेसर असा काही घरघरायला लागला की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. या यंत्राला प्युअर साइन वेव्ह (मेनसारखी गुळगुळीत लहर) लागते, हे त्याच्या माहितीपुस्तकातही लिहिलेलं आहे. चाचणी तरी पुरी केली. पाऊण तासाच्या आत इन्व्हर्टरने टीं-टीं सुरू केलं आणि थोड्या वेळात सगळं बंद.

कागदावर १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे १८०० वॅट-तास, म्हणजे १.८ युनिट होतात. लोड ४०० वॅटच्या आसपास, म्हणजे साडेचार तास मिळायला हवे होते. पण शिशाच्या बॅटरीवरचा १५० हा आकडा वीस तासांत हळूहळू रिकामी करण्याचा असतो, म्हणजे साडेसात अँपिअरने. आम्ही ओढत होतो चाळीसच्या घरात. एवढ्या ओढीला नवी बॅटरीसुद्धा छापलेल्या आकड्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपासच देते, वर इन्व्हर्टर आपला वाटा खातो. नवी असती तरी अडीच तास. आमची चार उन्हाळे बघितलेली.

१३ एप्रिल, रविवार

काल लॅमिंग्टन रोडवरून प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर आणला, ११५० रुपये. या सगळ्या खटाटोपातली सर्वांत कामाची वस्तू हीच. यंत्रांच्या मागच्या पाटीवरचे आकडे वायर आणि एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडणारा स्विच) ठरवायला ठीक आहेत, बॅटरी ठरवायला नाहीत.

मोजलेलं असं:

कॉन्सन्ट्रेटरच्या पाटीवर ३५० वॅट आहे. पाच लिटरवर ३३० भरले, दोन लिटरवर ३०५. माझा अंदाज होता की सेटिंग कमी केलं की वीजही तेवढीच उतरेल. तसं होत नाही, कॉम्प्रेसर जवळजवळ तेवढाच राबतो. म्हणून "आमचं तर दोनच लिटरवर आहे" म्हणून बॅटरी लहान घेऊ नका.

जुने छताचे पंखे पूर्ण वेगावर प्रत्येकी ७५. राउटर आणि फायबरवाल्याची डबी मिळून १४. मच्छर मशीन ५. नाइट लॅम्प आणि मोबाइलचा चार्जर मिळून सरासरी ६.

फ्रिज जुना, १९० लिटरचा. चालू असताना ११० वॅट, पण तो थांबत-थांबत चालतो. मीटर अख्खा दिवस लावून ठेवला तर १.३ युनिट झाले, म्हणजे सरासरी ५४ वॅट. यावरून वाटलं की फ्रिजही बॅटरीवर सहज बसेल. (ते कसं बसलं ते २६ मेच्या नोंदीत.)

रात्रीची बेरीज ४८०. त्यात दोन पंख्यांचेच दीडशे. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा पूर्ण वेगाला तीसच्या आसपास घेतो. दोन्ही बदलले तर ९० वॅट वाचतात, पाच तासांत जवळपास अर्धं युनिट. लिथियम बॅटरीचा बाजारभाव आज एका युनिटमागे सतरा-अठरा हजार रुपये पडतोय. इन्व्हर्टरची घट धरून तेवढी जागा बॅटरीत विकत घ्यायची तर नऊ हजारांच्या पुढे जातात, आणि दोन पंखे येतात ५८०० ला. पंख्यांची ऑर्डर दिली.

नवी बेरीज: ३०५ + ६० + १४ + ५ + ६ = ३९० वॅट. यापुढे सगळं गणित याच आकड्यावर.

२० एप्रिल, रविवार

किती तास धरायचे? दुकानदार पहिल्यांदा हे विचारतच नाहीत, "किती रूम?" विचारतात.

गेल्या वर्षभरात वीज कधी गेली ते आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवते. दूध कधी आलं नाही आणि गॅस कधी लावला याच्याच शेजारी. पाहिलं तर बहुतेक वेळा तासाच्या आत परत आलेली. दोन-तीन तासांच्या थोड्या. एकदा मात्र रस्ता खोदताना केबल तुटली तेव्हा पहाटे गेलेली वीज दुपारी आली होती.

मोठ्या घटना वेगळ्या. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा पट्ट्यातल्या ४०० केव्हीच्या लाइन ट्रिप झाल्या, मुंबईला बाहेरच्या ग्रिडपासून तोडून वाचवणारी आयलंडिंगची व्यवस्था टिकली नाही, आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. अत्यावश्यक सेवांची वीज दोनेक तासांत यायला लागली, पण उपनगरांत काही ठिकाणी संध्याकाळ झाली. त्याच्याही आधीचा २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. त्या वेळी पाण्यात वीज सोडणंच धोक्याचं होतं, आणि अनेक वस्त्या दिवसेंदिवस अंधारात राहिल्या.

दोन हजार पाचसाठी बॅटरी घ्यायची म्हटली तर घर विकावं लागेल. म्हणून प्रश्नाचे दोन तुकडे केले. नेहमीच्या खंडितीला बॅटरी, आणि त्यापलीकडे ऑक्सिजनचा सिलिंडर. बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला दोन लिटरने ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. तेवढ्याच वेळाची बॅटरी घ्यायची तर निव्वळ कॉन्सन्ट्रेटरसाठी पावणेचार युनिट लागतील, घट वेगळी. सिलिंडर भाड्याने मिळतो, अनामत ६००० (परत मिळणारी), भरणं ४५०, रेग्युलेटर आणि फ्लोमीटर १६००. डॉक्टरांना फोन करून विचारलं. प्रवाह तोच ठेवा, दोन, म्हणाले.

सिलिंडर आला की बॅटरीला बारा तास ओढायची गरज राहत नाही. तिने रात्र निभवायची, निदान रात्रीचा मोठा भाग. पाच तास धरले.

३९० × ५ = १९५० वॅट-तास. इन्व्हर्टरमधून ८७ टक्के हाती येतात असं धरलं तर बॅटरीतून २२४० काढावे लागतील. वर-खाली दहा टक्के राखून ठेवायचे तर २४९०. म्हणजे अडीच युनिट.

२७ एप्रिल, रविवार

आठवडाभर संध्याकाळी कोटेशन गोळा केली. एका दुकानाने घर न बघता पाच केव्हीएचा हायब्रिड इन्व्हर्टर आणि दहा युनिटची लिथियम बॅटरी सुचवली, तीन लाखांच्या वर. "एकदाच काय तो खर्च, मग टेन्शन नाही." त्या बॅटरीचं वजन आमच्या कोणत्या भिंतीवर टांगायचं हे त्यांनी विचारलं नाही.

उरलेले पर्याय तीन.

१५० एएचच्या दोन ट्यूब्युलर, २४ व्होल्टवर. कागदावर ३.६ युनिट, किंमत दोन्हींची तेहतीस-चौतीस हजार. पण आयुष्य टिकवायचं तर निम्म्याच्या खाली नेहमी उतरवायची नाही, म्हणजे हाती चार तासही पूर्ण नाहीत. ॲसिडसकट एकेक साठेक किलो, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पुन्हा चार्ज व्हायला दहा-बारा तास. ओळीने दोन रात्री वीज गेली की दुसऱ्या रात्री अर्धीमुर्धीच.

२५.६ व्होल्ट १०० एएचची लिथियम फॉस्फेट, २.५६ युनिट, पंचवीस किलोच्या आत-बाहेर. एकटा माणूस जिना चढवू शकतो. ४४,५०० जीएसटीसकट.

५१.२ व्होल्ट १०० एएच, ५.१२ युनिट. जवळपास दुप्पट पैसे आणि इन्व्हर्टरही मोठा.

मधला घेतोय. अडीचची गरज आणि २.५६ ची बॅटरी, म्हणजे अंगाला घट्ट कपडा. काही वर्षांनी बॅटरीची क्षमता ऐंशी टक्क्यांवर आली की पाच तासांचे चार होतील. चालेल, कारण पाठीशी सिलिंडर आहे. सिलिंडर नसता तर हा आकार मी घेतला नसता.

३ मे, शनिवार

लोहार चाळ. २४ व्होल्टचा १५०० व्हीए साइन वेव्ह इन्व्हर्टर, लिथियमचं सेटिंग असलेला, १४,२००. पंचवीस स्क्वेअर एमएमची तांब्याची लवचीक केबल, लग (केबलच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा), ८० अँपिअरचा डीसी फ्यूज, त्याचा होल्डर, किरकोळ, ३४०० रुपये. आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि छोटी डीबी (स्विच बसवायची पेटी), २६५०.

बॅटरीच्या बाजूला बसवायला दुकानातल्या पोऱ्याने साधा एसीचा एमसीबी काढून दिला. "सगळे हाच नेतात." सगळे नेत असतील. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून त्यातली ठिणगी आपोआप विझते. डीसीची तशी विझत नाही, संपर्क उघडल्यावरही पेटत राहू शकते. डीसी लिहिलेलाच फ्यूज घेतला आणि तो बॅटरीच्या प्लस टोकाच्या वीतभर अंतरावर लावायचा ठरवला.

११ मे, रविवार

वायरमन आला. इन्व्हर्टरच्या आउटपुटला नवी डीबी, तीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, तिथून पुढे बाबांची खोली, हॉलचा पंखा आणि राउटरचा पॉइंट. दुपारपर्यंत सगळं जागेवर बसलं.

बाबांच्या खोलीतला पंखा लावला, ठीक. कॉन्सन्ट्रेटर, ठीक. हॉलच्या पंख्याचं बटण दाबलं आणि फटकन आरसीसीबी पडला. परत चढवला, परत बटण, परत फटकन. वायरमन म्हणाला, "दादा, पीस खराब आहे, बदलून आणा. नाहीतर आरसीसीबी काढूनच टाकू, जुन्या घरांत कुठे असतो?" पीस खराब नव्हता, त्याचं टेस्टचं बटण नीट चालत होतं.

पत्र्याच्या स्विचबोर्डामागे टॉर्च मारून बघितलं तेव्हा उलगडा झाला. हॉलच्या पंख्याला फेज नव्या डीबीतून दिला होता, पण न्यूट्रल जुनाच, मेनच्या पट्टीवरून आलेला. आरसीसीबी जातो तेवढा प्रवाह परत येतो का हे बघत असतो. इथे फेज त्याच्यातून जात होता आणि न्यूट्रल परस्पर दुसऱ्याच वाटेने परतत होता. त्याच्या दृष्टीने ती गळतीच. जुन्या घरांत इन्व्हर्टरची लाइन ओढताना फक्त फेज बदलतात आणि न्यूट्रल सामायिक ठेवतात, आरसीसीबी नसतो तोवर कुणाला कळत नाही.

हॉलच्या पंख्यासाठी वेगळा न्यूट्रल ओढला, भिंत न फोडता केसिंग पट्टीतून. पट्टी आणि वायर ६०० रुपये, आणि संध्याकाळ गेली. तुमच्याकडे असं झालं तर आरसीसीबी काढायला होकार देऊ नका.

१८ मे, रविवार

पहिली पूर्ण चाचणी. आधी जास्त लोड टाकून जोड तपासायचे म्हणून ७५० वॅटची इस्त्री लावली. बॅटरीतून तेहतीस-चौतीस अँपिअर. दहा मिनिटांनी प्रत्येक जोडाला हात लावून बघितला. मायनसच्या दोन्ही बाजू गार. प्लसची फ्यूजकडची बाजू गार. बॅटरीकडच्या लगवर बोट ठेवलं आणि झटकन काढलं. लाल टोपी मऊ पडून एका बाजूला कलली होती, नखाने दाबली तर खूण उमटत होती.

बंद करून लग काढला. वायरमनने तो पक्कड आणि हातोडीने चेपला होता. बाहेरून छान चपटा, पण केबल पिळून पाहिली तर तारांचा झुबका आत फिरत होता. निम्म्या तारांनाच दाब बसलेला. एवढ्या जाडीच्या लगला हायड्रॉलिक क्रिम्पर लागतो आणि तो वायरमनच्या हत्यारांच्या पिशवीत नसतो. लोहार चाळीत जिथून केबल घेतली तिथे नेऊन चारही टोकं नव्याने दाबून घ्यायची ठरलं. (२० तारखेला झालं. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत. नंतर त्याच इस्त्रीवर सगळे जोड हाताला कोमटसुद्धा लागेनात.)

२२ मे, गुरुवार

रात्री नाही, सुट्टी टाकून दिवसा चाचणी केली. ३९० वॅटचा लोड, बॅटरी शंभर टक्के. पाच तास पस्तीस मिनिटांनी काळोख. खूश होण्यासारखा आकडा, पण एक गोष्ट खटकली. इशारा वाजलाच नाही. चालू असताना चालू, आणि मग एकदम बंद.

कारण सेटिंग. इन्व्हर्टर ट्यूब्युलरवरच राहिला होता. ट्यूब्युलरच्या हिशेबाने २४ व्होल्टच्या संचाला तो २१.६ च्या आसपास ओरडतो आणि २१ ला बंद होतो. लिथियम फॉस्फेटचा व्होल्टेज मात्र शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग कड्यावरून पडल्यासारखा घसरतो. इन्व्हर्टर ओरडायच्या आधीच बॅटरीतल्या बीएमएसने (तिला जपणाऱ्या सर्किटने) स्वतःला तोडून घेतलं. चार्जिंगलाही ते सेटिंग चुकीचंच, ट्यूब्युलरची इक्वलायझिंगची (अधूनमधून जास्त व्होल्टेजने भरण्याची) उंच पातळी लिथियमला नको असते.

लिथियमवर टाकलं. इशारा २४.८ ला, बंद २४ ला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी: पाच तास दहा मिनिटं, आणि इशारा वाजल्यापासून बंद होईपर्यंत पाव तास. तो पाव तास मला त्या पंचवीस मिनिटांपेक्षा मोलाचा आहे. तेवढ्यात झोपेतून उठून सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडून नळी बदलता येते. हिने आणि मी दोघांनी घड्याळ लावून करून पाहिलं. जमतं.

२६ मे, सोमवार

मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून. माझं सगळं वेळापत्रक त्या हिशेबाने होतं. यंदा तो आजच आला, १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर कधीच नाही. सकाळी बातम्यांत वरळीच्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्टेशनात पाणी, आणि आमच्याकडे वीज गेली.

फ्रिजचा प्लग हौसेने बॅकअपच्या पॉइंटला लावून ठेवला होता. बाबांची सकाळची झोप चालू होती. वीज गेली, इन्व्हर्टरने घेतलं, आणि ओव्हरलोड! बंद. आपोआप पुन्हा चालू, पुन्हा ओव्हरलोड. फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि कॉन्सन्ट्रेटरचा कॉम्प्रेसर एकाच क्षणी उठायला बघत होते. चालताना ११० वॅटचा फ्रिज उठताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट मागतो. सरासरी ५४ वॅट हा आकडा बॅटरीच्या कामाचा आहे, इन्व्हर्टरच्या नाही. ही दोन वेगळी मापं आहेत आणि दोन्हींत यंत्र बसावं लागतं.

प्लग उपटल्यावर इन्व्हर्टर सुरळीत झाला. फ्रिज कायमचा मेनवर. दार बंद ठेवलं तर फ्रिजातलं चार तास तरी बरं राहतं. आईला एवढंच सांगितलं की वीज गेल्यावर ताक काढायला उघडायचा नाही.

त्याच वेळी लक्षात आलं की बदल होताना कॉन्सन्ट्रेटर एकदा बीप करतो आणि नव्याने सुरू होतो. इन्व्हर्टरच्या मागे नॉर्मल आणि यूपीएस असा खटका आहे. यूपीएसवर ठेवल्यावर बदल इतका झटकन होतो की यंत्राला पत्ता लागत नाही. तोटा असा की व्होल्टेज १८० च्या खाली गेलं तरी तो बॅटरीवर जातो. आमच्याकडे संध्याकाळीही दोनशेच्या वर असतं, म्हणून चालतं.

१ जून, रविवार

जागा बदलली. बॅटरी आधी बाल्कनीत होती, तिथे पश्चिमेचं ऊन आणि आता पावसाचा झोत. दुपारी काचेमागे हात ठेवला तरी भाजायचं. कोणत्याही बॅटरीला उष्णता म्हणजे कमी आयुष्य. स्वयंपाकघरात ओट्याखाली गॅस आहे, तिथे प्रश्नच नाही. दाराशेजारी जागा होती, पण बाहेर पडायची वाट ती एकच. शेवटी हॉलमध्ये टीव्हीखाली, चौरंगावर, भिंतीपासून चार बोटं सोडून. लादी पुसताना पाणी लागत नाही.

सिलिंडर बाबांच्या खोलीत उभा, साखळीने खिडकीच्या गजाला बांधून. व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लावायचं नाही. देवघर त्याच खोलीत होतं, ते हॉलमध्ये आणलं. उदबत्ती आणि ऑक्सिजन एका खोलीत नकोत. आईची कुरकुर दोन दिवस.

सेक्रेटरी काका येऊन गेले. "लिथियम म्हणजे त्या स्कूटरी पेटतात तेच ना रे?" बऱ्याच गाड्यांत निकेलवाली रसायनं असतात, ही फॉस्फेटची. ती तापून भडकायला खूप जास्त तापमान लागतं, पण अशक्य काहीच नाही, म्हणून फ्यूज, बीएमएस आणि मोकळी हवा. त्यांना फ्यूज दाखवला, बिल दाखवलं, सोसायटीच्या फाइलला एक पत्र दिलं. काका म्हणाले, "जिन्यात ठेवू नको म्हणजे झालं."

१९ ऑगस्ट, मंगळवार

दोन दिवस धो-धो. तिकडे चेंबूरजवळ मोनोरेल अडकली, इकडे आमच्या इमारतीच्या मीटर रूमच्या उंबऱ्याला पाणी लागलं आणि खबरदारी म्हणून मेन बंद केला. रात्री अकराला गेलेली वीज पहाटे पावणेचारला आली. यंत्र थांबलं नाही, बाबांना सकाळी सांगितलं तेव्हा कळलं. बॅटरी आठ-नऊ टक्क्यांवर, इशारा वाजायच्या बेतात.

वीज आल्यावर चार्जर २० अँपिअरने भरतो, म्हणजे पूर्ण भरायला पाच तासांच्या वर. सकाळी सातला पुन्हा तासभर गेली तेव्हा हाती सत्तरेक टक्केच होते. चाचण्यांत हे कधी दिसत नाही, कारण तिथे आपण शंभर टक्क्यांपासून सुरुवात करतो. रात्रीची धास्ती असेल तर संध्याकाळी टीव्ही बॅटरीवर बघायचा नाही, एवढा नियम केला.

३१ ऑगस्ट, रविवार

हिशेब. मीटर ११५०, पंखे ५८००, बॅटरी ४४,५००, इन्व्हर्टर १४,२००, केबल-फ्यूज ३४००, आरसीसीबी आणि डीबी २६५०, पट्टी ६००, वायरमन ४५००, रेग्युलेटर १६००, सिलिंडर भरणं ४५०. एकूण ७८,८५०. जुनी बॅटरी दुकानात परत दिली, तिचे ४८०० आले. हाती पडलेला खर्च ७४,०५०, अनामत वेगळी. भंगारवाला जुन्या बॅटरीला जास्त देत होता, पण तो शिसं कुठे नि कसं वितळवतो ते माहीत नाही.

खाऱ्या हवेमुळे इन्व्हर्टरकडच्या नटावर हिरवट थर धरायला लागला होता. बंद करून पुसला, कसला, वर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवलं. पावसाळ्यात महिन्याला एकदा.

५ ऑक्टोबर, रविवार

दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी आले. त्यांची ट्यूब्युलर मेली आहे आणि "तुझ्यासारखीच लिथियम" हवी आहे. खाली जाऊन मीटर लावला. दोन जुने पंखे, एक ट्यूब, राउटर: १८२ वॅट. रात्री न थांबणारं काही नाही, वीज गेली तर तास-दोन तास पंखा फिरला की झालं. १५० एएचची नवी ट्यूब्युलर निम्म्यापर्यंतच वापरली तरी त्यांना तीन तास देईल, आणि २२ सप्टेंबरपासून शिशाच्या बॅटरीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय.

वहिनी म्हणाल्या, "मग भावोजींनी एवढे पैसे का घातले?" शेजाऱ्यांनीच वर बोट दाखवलं.

त्यांनी ट्यूब्युलर घेतली. तिच्यात पाणी घालायचं ते विसरणार हे नक्की, म्हणून त्यांच्या फोनमध्ये दर दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटरची आठवण लावून दिली.